कळशीभर पावसाळा

तुमच्या अंगणात पडलेलं पावसाचं पाणी पुढे कुठे जातं, सांगता येईल तुम्हाला? नळाचं विचारत नाही, पावसाचं विचारते आहे. पागोळ्यांतून खाली आलं, अंगण ओलांडून गेलं, मग कोणाच्या शेतातून, कोणत्या ओढ्याला, कोणत्या नदीला? शहरात हा प्रश्न विचारला की माणसं हसतात आणि गटाराकडे बोट दाखवतात. मला तो लहानपणी कोणी विचारला असता तर मी झोपेतही उत्तर दिलं असतं. आमच्या मागच्या डोंगराचं पाणी परसातल्या फणसाला वळसा घालून पऱ्यात, म्हणजे आमच्या ओढ्यात उतरतं, पऱ्या खालच्या गावाशी वाशिष्ठीला मिळतो, वाशिष्ठी चिपळूणच्या पुलांखालून समुद्राला. हे उत्तर आमच्या वाडीने एकदा मातीत लिहून दाखवलं आणि त्यावर आमची शाळा राहिली. त्याच दिवसांबद्दल लिहायला बसले आहे. मी अजून तिशीच्या अलीकडे आहे आणि हे काही आठवणी लिहायचं वय नव्हे, असं मला बजावून झालं आहे. पण ज्या भागात शिमगा उलटला की एखादं तरी घर कायमचं बंद होतं, तिथे आठवणी लिहायला म्हातारपणाची वाट बघून चालत नाही.

रत्नागिरी म्हटलं की बाहेरच्या माणसाला समुद्र दिसतो, हापूस दिसतो, होड्या दिसतात. आमच्या वाट्याला यातलं काहीच नव्हतं. समुद्राकडची ती खलाटी आणि सह्याद्रीच्या पायथ्याची ती वलाटी, आम्ही वलाटीचे. कुंभार्ली घाटाच्या खाली, डोंगराच्या पोटावर एक सपाट टेकाड आहे, त्याला आमच्याकडे टेप म्हणतात, आणि त्यावरची आमची वाडी म्हणजे टेपवाडी. खाचरं जिन्यासारखी एकाखाली एक, वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी, झाडाला रायवळ आंबे, आंबट असले तरी आमचे. संध्याकाळ झाली की घाट चढणाऱ्या ट्रकांचा कण्हण्याचा आवाज सुरू व्हायचा. वळणावर गिअर बदलला की आवाज तुटायचा आणि पुन्हा जुळायचा. त्या आवाजावर आई चुलीवर भात ठेवायची. पलीकडे पोफळीच्या कॉलनीचे दिवे लागायचे. घाटमाथ्यावरचं कोयनेचं पाणी, जे आपल्या पायाने पूर्वेला गेलं असतं, ते डोंगर पोखरून आमच्या बाजूला उतरवलंय आणि त्याची वीज होते, हे बाबा पाहुण्यांना इतक्या अभिमानाने सांगायचे, की तो बोगदा त्यांनीच खणलाय असं वाटावं.

बाबा लोट्याला एका केमिकल कंपनीत होते. तिथेच खोली घेऊन राहायचे आणि सुट्टीला वाडीत यायचे. येताना खांद्याच्या पिशवीत सुके बोंबील किंवा सुकट असायची आणि हमखास पत्रकांचा एक गठ्ठा. बाबांना पत्रकं काढायचा नाद होता. एसटी बंद झाली की पत्रक, रेशनचे तांदूळ खराब आले की पत्रक, जंगलतोडीवर पत्रक. चिपळूणचा एक छापखानेवाला त्यांना स्वस्तात गुलाबी किंवा पिवळ्या कागदावर छापून द्यायचा. उरलेले गठ्ठे आमच्या माळ्यावर. फडताळात डब्यांखाली पत्रकं, भाकरी गुंडाळायला पत्रकं, खिडकीच्या फटीत पावसाळ्यात कोंबायला पत्रकं. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. मला लावता आलेला पहिला शब्द ‘आई’ नव्हता, ‘निषेध’ होता. घरात आम्ही भावंडं त्याच भाषेत बोलायचो. माझा धाकटा भाऊ नितू, नुकता बोलायला लागलेला, ताटापुढे मूठ आवळून म्हणायचा, “भाकली मिलालीच पाहिजे!” आणि आई तव्यावरची नाचणीची भाकरी उलथत म्हणायची, “मिळंल हां पुढारी, आधी नाक पुस.”

सगळ्या वाडीला हे कौतुक होतं असं नाही. शेजारचे धोंडूतात्या, मुंबईच्या गिरणीतून गावी परतलेले, पडवीत बसून बाबांची येताजाता खेचायचे. “शिवा, तुझा कागद लय बरा हो. परवा बोंबील भाजताना पेटवन म्हनून घेतला, एका काडीत धडधड!” बाबा रागावायचे नाहीत. म्हणायचे, “पेटला ना तात्या? मग झालं काम.”

मी तिसरीत होते तेव्हाच्या उन्हाळ्यात बातमी आली. आमच्या शाळेचा पट कमी, एकच खोली, एकच गुरुजी. म्हणून ती बंद करून आम्हाला खालच्या गावच्या शाळेत घालायचं चाललं होतं. अंतर थोडं, मुलांना चालता येईल, असं वरून कळवलं होतं. तालुक्याचे साहेब एकदा पाहून जाणार आणि मग ठरणार. बाबांनी त्याच रात्रीच्या एसटीने चिपळूण गाठलं आणि दोन दिवसांत गुलाबी पत्रक आलं. ‘डोंगरातल्या मुलांनी शिकायचे नाही काय?’ असं मोठ्या अक्षरांत वर, आणि खाली आमची सगळी थोरवी: घाटाने मीठ-नारळ वर नेणारे आमचे पूर्वज, गडांवर पहारे देणारे आमचे पूर्वज, मुंबईच्या गिरण्या चालवणारे आमचे बाप. ते पत्रक स्टँडवर वाटलं, कचेरीत दिलं, खांबांवर चिकटवलं. काही झालं नाही. कोणी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही.

आईने मात्र पत्रक वाचलं नाही. तिने फडताळाच्या तळातून एक पितळी कुलूप काढलं. तिच्या सासूचं असावं, कधी लागलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यात खोबरेल सोडून ती किल्ली पुढे-मागे फिरवत बसली. मी विचारलं, “आये, कुलूप कशाला?”

“शाळा गेली तर नितूला पावसात खाली कोन नेनार? मी का लावनी सोडू? लोट्याला बाबांच्या खोलीवर जायाचं सगल्यांनी.”

“आणि घर?”

तिने कुलपात आणखी थेंबभर तेल सोडलं. किल्ली फिरली आणि कुलूप खट्टकन उघडलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. वाडीतली आमच्या शेजारची दोन घरं तशीच गेली होती, आधी मुलांच्या शिक्षणाचं कारण, मग कुलूप, मग वाळवी. कोणाचा एवढासा आवाज न होता घर जातं ते असं, हे मला त्या दुपारी समजलं. मला घर सोडायचं नव्हतं. मला पऱ्या, फणस, ट्रकांचा आवाज, धोंडूतात्यांच्या शिव्या, काहीच सोडायचं नव्हतं.

आता गुरुजींकडे येते. ते सांगलीकडचे, सपाट मुलखातले. पहिल्या दिवशी शाळेच्या पायरीवर धापा टाकत बसून त्यांनी विचारलं होतं, “या गावात सरळ उभा राहायला जागा कुटं हाय रं?” तिसरीला आपला जिल्हा शिकायचा असतो. पुस्तकातला नकाशा आम्हाला काही केल्या कळेना, तेव्हा गुरुजी म्हणाले, अंगणात मातीचा जिल्हा करूया. साहेब येणारच आहेत, त्यांनाही दिसेल पोरं काय शिकतात ते. मग काय, सगळी शाळा, म्हणजे पहिली ते चौथीची आम्ही दोन हातांच्या बोटांत मावणारी मुलं, लाल माती कालवायला लागलो. शाळेच्या भिंतीशी आम्ही सह्याद्री उभा केला आणि तिथेच भांडण झालं.

“डोंगर हितं न्हाई,” गुरुजी म्हणाले. “नकाशात वर उत्तर असती. डोंगर उजव्या अंगाला घ्या.”

“पन गुरुजी, डोंगर वरच हाय,” चौथीतली सुनंदा म्हणाली.

“अगं, पूर्वेला हाय.”

“व्हय, मंग वर नको काय? पानी येनार कुठनं?”

गुरुजींनी दोनदा डोंगर मोडायला लावला आणि आम्ही दोनदा तिथेच केला. उजवीकडे उतारच नव्हता. शाळेचं अंगणसुद्धा भिंतीकडून रस्त्याकडेच उतरतं. शेवटी गुरुजींनी कपाळाला हात लावला, खडूने भिंतीवर ‘पूर्व’ असं लिहिलं आणि म्हणाले, “ऱ्हाऊ दे. तुमचा जिल्हा, तुमीच सांभाळा.”

एकदा त्यांनी सोडून दिल्यावर वाडीला उत्साह चढला. उन्हाळ्याच्या सुट्टीला मुंबईकर आलेले होते, फणस उतरवायची घाई होती, तरी जो तो शाळेवरून जाताना थांबायचा आणि काहीतरी सुधारून जायचा. कोणी गवत आणून जंगल लावलं. कोयनेचं धरण म्हणून अर्धी करवंटी डोंगरामागे बसवली आणि तिच्यातून डोंगराच्या आरपार पपईचा पोकळ देठ घातला, हा बोगदा, त्याचं टोक पोफळीला. चिपळूण म्हणजे एक वीट. धोंडूतात्यांनी मुंबईसाठी नळाशेजारचा मोठा दगड निवडला. गुरुजी म्हणाले मुंबई एवढी जवळ नाही. तात्या म्हणाले, “गुरुजी, घराघरातला अर्धा मानूस थितं हाय. लांब कशी आसंल?” समुद्र अंगणाच्या कडेला, चिपळूणच्या विटेला लागूनच, एक चर खणून केला आणि त्यात कपड्यांची नीळ घातली. शाळा दोन, आमची आणि खालची, खडूच्या खोक्यांच्या. मधे पऱ्या, पऱ्यावर काड्यापेटीच्या काड्यांचा साकव, खऱ्यासारखाच डुगडुगता. आणि मुलं म्हणून आठळ्या, फणसाच्या बिया. प्रत्येकाने आपल्या आठळीवर शाईने नाव घातलं. नितू शाळेत नव्हता, पण जूनमध्ये येणार होता, म्हणून सगळ्यात लहान आठळी त्याची. आम्ही त्या आठळ्या आमच्या शाळेकडून खालच्या शाळेकडे जाणाऱ्या वाटेवर ओळीने उभ्या केल्या.

साहेब आले ते भर उन्हात, पायीच, पऱ्या ओलांडून. चांगला माणूस होता, घाम पुसत हसतच आला. पण वैशाखातला पऱ्या म्हणजे नुसते धोंडे. साहेब म्हणाले, “अहो, हा तुमचा ओढा का? मी बूट न काढता आलो. फोनवर बघा, हाकेच्या अंतरावर शाळा आहे.”

“हाकेच्याच अंतरावर हाय सायब,” धोंडूतात्या म्हणाले. “हाक जाते. पोर जात न्हाय.”

माणसं हसली. बाबा उठले आणि त्यांनी पत्रक वाचायला सुरुवात केली. बाबांचा आवाज भारदस्त होता, पण साहेबांनी पूर्वज गडावर पोचायच्या आतच हात पुढे केला. “द्या इकडे, सावकाश वाचतो.” पत्रकाची घडी झाली, घडी खिशात गेली. बाबा उभेच राहिले. मी त्यांना इतकं रिकाम्या हातांनी उभं कधी पाहिलं नव्हतं. आई तेवढ्यात गूळ आणि पाण्याची कळशी घेऊन आली होती. साहेब पाणी पिऊन निघणार, हे दिसत होतं. मला आता काय होणार ते कळत होतं: खट्ट, कुलूप.

मी कळशीचे काठ धरले. मला ती उचलेना. आईने माझ्याकडे पाहिलं, अंगणातल्या डोंगराकडे पाहिलं, आणि कळशीच्या बुडाला हात लावून म्हणाली, “ओत गो.”

मी ओरडले, माझ्या बापाच्याच आवाजात, “जाहीर करण्यात येते की आता पावसाळा लागत आहे!” आणि आम्ही दोघींनी कळशी डोंगराच्या माथ्यावर वाकडी केली.

आधी गंमतच झाली. करवंटी भरली, पपईच्या देठातून पाण्याची धार पोफळीला उतरली, मुंबईकरांनी टाळ्या वाजवल्या. मग डोंगराच्या घळींतलं पाणी एकत्र आलं. पऱ्या लाल झाला, फुगला, साकवाच्या काड्या उभ्या राहिल्या आणि गेल्या. मागोमाग वाटेवरच्या आठळ्या. पहिली कलंडली ती सगळ्यात छोटी. नितू माझ्या परकराला धरून बघत होता, तो एकदम किंचाळला, “आये, मी गेलो!”

कोणी हसलं नाही. आईने त्याला उचलून कडेवर घेतलं. आठळी वाशिष्ठीला लागली, चिपळूणच्या विटेला घासली आणि निळ्या समुद्रात पडली. समुद्र भरून वाहिला आणि साहेबांच्या बुटांत शिरला. पांढऱ्या पँटीला नीळ लागली. गुरुजींचा चेहरा पडला. साहेब मात्र बुटांकडे बघतच नव्हते. ते चरावर वाकून काहीतरी शोधत होते.

“दाभोळ बंदर कुठाय?” त्यांनी विचारलं.

आम्ही चरात बघायला लागलो. त्यांनी पुढे विचारलं, “आणि खाडी? चिपळूणच्या पुढे काय आहे?”

“समुद्र,” सुनंदा म्हणाली.

“लगेच?”

मुंबईला जाणारे होते, लोट्याला जाणारे होते, पण चिपळूणच्या पुढे खाडीच्या बाजूला आमच्यातलं कोणीच कधी गेलेलं नव्हतं. अख्खी खलाटी, तिचे सडे, बागा, बंदरं, होड्या, सगळं आम्ही निळीत घातलं होतं, आणि एवढ्या शहाण्या वाडीत ते कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. साहेबांनी कमरेवर हात ठेवले. “अहो, मी खाडीकाठचा. तुम्ही माझं गाव बुडवलंत की!”

“तुमी आमचं बुडवाया निघालायसा,” धोंडूतात्या पुटपुटले, पण सगळ्यांना ऐकू गेलं. साहेबांनाही. क्षणभर मला वाटलं, आता संपलं. पण साहेब मोठ्याने हसले, मातीत बसकण मारली आणि बाह्या वर केल्या. “आणा माती.” आम्ही पोरांनी परातभर माती आणली. त्या माणसाने आपल्या हातांनी खाडी वळवून दिली, सड्याचं सपाट पठार थापलं, बंदर कोरलं आणि एका जागी बोट रोवून म्हणाला, “इथे आमचं घर. खाडीचं पाणी लाल झालं की माझी आई म्हणायची, वलाटीत पाऊस लागला. आमच्याकडे ऊन असायचं हो, आणि पाणी लाल. ते कुठून येतं ते मी आज बघतोय.”

मग त्यांनी चरातून ती छोटी आठळी काढली, रुमालाने पुसली आणि नितूच्या हातात ठेवली. “घ्या विद्यार्थी. चला, आता खरी वाट दाखवा.”

सगळी वाडी पऱ्यावर गेली. त्याच कोरड्या धोंड्यांमध्ये सुनंदाने काठावरच्या करंजाकडे बोट दाखवलं. गेल्या पावसाळ्यातलं गवत आणि पाला फांद्यांत अडकून सुकला होता, साहेबांच्या डोक्याच्या वर. त्यांनी हात वर करून पाहिला, तो पाल्यापर्यंत पोचला नाही. “मी लिहितो,” एवढंच म्हणाले. “ठरवणं माझ्या एकट्याच्या हातात नाही. पण जे पाहिलं ते लिहितो.”

जूनमध्ये शाळेची घंटा झाली, आमच्याच शाळेची. नितू पहिल्या बाकावर बसला. तुम्हाला वाटत असेल त्याने ती आठळी जपून ठेवली असेल, शाळेमागे पेरली असेल. त्याने ती त्याच संध्याकाळी चुलीत भाजून खाल्ली. बाबांनी त्यानंतरचं पत्रक काढलं ते साकवासाठी, आणि लिहायच्या आधी पहिल्यांदाच आईला विचारलं, “काय घालू गो?” ती म्हणाली, “पूर्वज ऱ्हाऊ देत. पानी कुठपतूर चढतं ते घाला.” त्या पत्रकावर बाबांनी करंजाचं चित्र छापलं. मी आज जे काही लिहिते, ते त्या एका वाक्यावर शिकले आहे. पूर्वजांचा अभिमान मला आहेच, आणि तो मी लपवणार नाही. पण आमच्या वाडीची मोठी गोष्ट गडावर घडली नाही, ती शाळेच्या अंगणात घडली, आणि ती घडवणारी माणसं त्या संध्याकाळी परत जाऊन फणस उतरवत होती.

कुलूप अजून आमच्या खुंटीला आहे. हिरवं पडलंय. किल्ली कुठे गेली, आईलाही आठवत नाही. शाळेत आजही मोजकीच मुलं आहेत आणि साकव अजून लाकडाचाच आहे. मधूनमधून कोणीतरी कुठल्यातरी पडद्यावर अंतर मोजतं आणि पुन्हा तोच विषय निघतो, आमच्या वाडीत नाही तर शेजारच्या, तिथे नाही तर तुमच्या.

म्हणून एक मागणं आहे, आणि ते मी पत्रकवाल्याची मुलगी म्हणून हक्काने मागते. या मे महिन्यात गावी याल तेव्हा मुलांना घेऊन अंगणात आपल्या गावाचा डोंगर करा. उत्तर कुठे ते नंतर बघा, आधी पाणी कुठून येतं ते बघा. खालच्या गावचं एखादं माणूस बोलवा आणि तुम्ही काय विसरलात ते त्याला विचारा. मग कळशी ओता. पाण्याने जिथे मुलांची वाट तोडली, तिथे एक काठी रोवा, आणि सगळे मिळून ग्रामसभेला तिथवर चालत नेऊन ती खरी जागा दाखवा. हे पाऊस लागायच्या आत करा, आणि तुमच्या घरात कोणी कुलपाला तेल घालत बसलं असेल तर आजच करा.